एम.आर्क. (लँडस्केप): पदवी दीड वर्ष रोज वापरल्यावर

निकाल आधीच सांगून टाकू. बी.आर्क. नंतर वर्ष-दोन वर्षं साइटवर धूळ खाल्ली असेल, तर लँडस्केपची, म्हणजे बागा आणि मोकळ्या जागांच्या रचनेची, ही पदव्युत्तर पदवी पैसावसूल आहे. थेट बी.आर्क.च्या पाचव्या वर्षातून उडी मारणाऱ्याला ती निम्मीच लागू पडते. शिकवलेल्यातलं बरंच काही कशासाठी आहे हे साइट पाहिल्याशिवाय कळत नाही. हा अनुभव पुणे-मुंबई पट्ट्यातल्या खासगी ऑफिसांतल्या वापराचा आहे, म्हणजे झाडांच्या याद्या, लेव्हल्स (जमिनीच्या उंच-सखल पातळ्या), बीओक्यू (कामाची मापांसह यादी) आणि कंत्राटदाराचे फोन यांतला.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सेमिस्टरचा. महाराष्ट्रातल्या कॉलेजांना सीईटी सेलची एम.आर्क. सीईटी चालते, केंद्रीय संस्थांसाठी गेट या राष्ट्रीय परीक्षेचा आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर द्यावा लागतो. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमधला (एसपीए) अभ्यासक्रम १९७२ पासूनचा, देशातला सगळ्यात जुना. अहमदाबादचं सेप्ट, भोपाळचं एसपीए, पुण्यातलं बीएनसीए ही नावं इच्छुकांना माहीत असतातच.

पहिल्या वर्षी मोठ्या प्रदेशाचा अभ्यास असतो: उतार, माती, पाणलोट, झाडोरा, जमिनीचा वापर असे थर एकमेकांवर ठेवून कुठे बांधावं आणि कुठे हात लावू नये हे ठरवायचं. लँडस्केप आर्किटेक्ट इयान मॅकहार्गची ही पद्धत आता क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकटात करता येते. पण दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. उपग्रहावरून मिळणारं उंचीचं मॉडेल अक्षांश-रेखांशात असतं. तसंच्या तसं उतार काढणाऱ्या ‘स्लोप’ टूलला लावलं की अख्खा नकाशा ८५-९० अंशांचा कडा दाखवतो, कारण उंची मीटरमध्ये आणि आडवं अंतर अंशांत मोजलं जातं. आधी यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत, बदलून घ्यायचं. पुणे, कोल्हापूर, संभाजीनगर ४३ उत्तर झोनमध्ये येतात, नागपूर मात्र ४४ मध्ये. विदर्भाचा प्रकल्प करताना हे विसरलं जातं. दुसरी ठेच रिझोल्यूशनची. फुकट मिळणाऱ्या मॉडेलचा एक चौकोन ३० मीटरचा. दोन एकरांच्या प्लॉटवर असे जेमतेम नऊ चौकोन बसतात. त्यावरून काढलेले अर्ध्या मीटरचे कंटूर (समान उंचीच्या रेषा) दिसायला छान असतात, पण ते सॉफ्टवेअरच्या कल्पनाशक्तीतून आलेले असतात. प्लॉटसाठी टोटल स्टेशन या मोजणीयंत्राचा सर्व्हे घ्या.

पदवीतला सगळ्यात टिकाऊ भाग ग्रेडिंगचा, म्हणजे जमिनीला नेमका उतार देण्याचा. तो रुक्ष म्हणून मुलं टाळतात आणि नंतर ऑफिसात तोच विचारला जातो. लॉनला दोन टक्के, म्हणजे मीटरला २० मिमी उतार हवा. एक टक्क्याखाली गेलात की जुलैमध्ये डबकी आणि शेवाळ. रॅम्प १:१२ पेक्षा चढा नको. पाण्याचा हिशोबही अवघड नाही: एक हेक्टर, ताशी ६० मिमी पाऊस, वाहून जाण्याचा गुणांक ०.५, तर सेकंदाला सुमारे ८३ लिटर पाणी गेटकडे निघतं. हा आकडा हातात असला की ‘एक पाइप टाकू, होऊन जाईल’ म्हणणाऱ्याशी बोलणं सोपं जातं.

मात्र पोडियमबद्दल वर्गात फार कमी सांगतात, आणि शहरात पोट त्याच्यावरच भरतं. पार्किंगच्या स्लॅबवरची बाग म्हणजे जमीन नव्हे. ओली माती घनमीटरला साधारण १.८ ते २ टन भरते. झाडासाठी १.२ मीटर माती दाखवली की चौरस मीटरला सव्वादोन टनांच्या आसपास भार झाला, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरने बहुतेक वेळा ६०० मिमीच धरलेले असतात. मग झाडं कॉलमच्या डोक्यावर सरकवायची, मातीचा उंचवटा तेवढ्याच जागी द्यायचा, मधल्या भागात झुडपं (६०० मिमी) आणि लॉन (३०० मिमी). हे स्लॅब पडण्याआधी ठरलं नाही तर नंतर कुंड्याच ठेवाव्या लागतात.

खालून वर क्रम असा: वॉटरप्रूफिंग, पाणी भरून किमान ४८ तासांची चाचणी, १:१०० उताराचा संरक्षक कोबा, ड्रेन सेल (पाणी वाहून नेणारा प्लास्टिकचा जाळीदार थर), जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी सोडणारं कापड), मग माती. कापडाचे जोड १५० मिमी एकमेकांवर यायला हवेत आणि कडेला ते भिंतीवर मातीच्या पातळीपर्यंत चढवायला हवं. कंत्राटदार ते कडेपाशीच कापतो. दोन पावसाळ्यांत बारीक माती तिथून खाली उतरते, आउटलेट तुंबतं, झाडांची मुळं कुजतात. गळती पार्किंगमध्ये दिसली की दोष वॉटरप्रूफिंगवाल्याला लागतो, मूळ चूक मात्र त्या कडेची असते. आउटलेटवर उघडता येणारा तपासणी चेंबर ड्रॉइंगमध्ये दाखवाच. शोभा जाते म्हणून आर्किटेक्ट तो काढायला सांगतील, काढू नका.

बीओक्यू शिकवतात, पण ब्रास शिकवत नाहीत. ५०० चौरस मीटरवर ६०० मिमी माती म्हणजे ३०० घनमीटर, म्हणजे १०६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). पण ट्रकमध्ये माती सैल येते आणि पाण्याने बसते, त्यामुळे प्रत्यक्षात १३० ब्रासच्या घरात मागवावी लागते. ‘दाबून बसल्यावरचं माप’ हे शब्द आयटममध्ये नसतील तर बिलाच्या दिवशी भांडण ठरलेलं. शिवाय शेणखत आणि कोकोपीट कुजून खाली बसतात, म्हणून पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा माती भरण्याचा वेगळा आयटम ठेवा.

झाडांच्या बाबतीत पदवीने नावं दिली, नर्सरीने अक्कल. यादीत नुसतं ‘अशोक’ लिहिलं की ट्रकमधून आसुपालव, म्हणजे उंच निमुळता खोटा अशोक, उतरतो. सीताअशोक हवा असेल तर सराका असोका असंच लिहा. उंचीबरोबर खोडाचा घेर आणि पिशवीचं माप लिहा. उरुळी कांचनला जा किंवा आंध्रातल्या कडियमहून माल मागवा, दर लॉटमधली एक-दोन झाडं पिशवी फाडून बघा. मुळं पिशवीच्या आत गोल गुंडाळलेली असतील तर ते झाड लावल्यावर वर्षभर बरं दिसतं आणि चौथ्या-पाचव्या वर्षी वाऱ्यात आडवं होतं. क्लायंटला हिरवी भिंत चटकन हवी असते म्हणून कोनोकार्पस सुचवला जातो; गुजरातने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली आहे. करंज, ताम्हण, बहावा वेळ घेतात, हे रेंडर (प्रकल्पाचं संगणकावर केलेलं चित्र) दाखवतानाच सांगावं. रेंडरमधलं झाड नेहमीच दहा वर्षांचं असतं.

आता नोकरी. सगळ्यात जास्त जागा खासगी लँडस्केप ऑफिसांत, त्यानंतर बिल्डरांच्या डिझाइन विभागांत. २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते, तिथे वृक्षारोपणाचा आराखडा द्यावाच लागतो. झाड तोडायचं किंवा हलवायचं तर महाराष्ट्राचा १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आणि महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरची झाडं ‘हेरिटेज’ धरली जातात. हे कागद नीट करणाऱ्याला ऑफिस सोडत नाही. पालिकेच्या उद्यान विभागावर आशा ठेवणाऱ्यांनी जाहिरात नीट वाचावी, तिथे बहुतेकदा कृषी किंवा उद्यानविद्येची पदवी मागतात. वारशाच्या बागांचं काम थोडं पण समाधानाचं, लँडस्केप आर्किटेक्ट प्रा. मोहम्मद शाहीर यांचं दिल्लीतल्या हुमायूनच्या मकबऱ्याच्या बागेवरचं आणि सुंदर नर्सरी या उद्यानाचं काम एकदा पायी फिरून बघा.

खटकणारी गोष्ट एकच, पण मोठी: लँडस्केप आर्किटेक्ट म्हणून आपल्याकडे वेगळी कायदेशीर नोंदणी नाही. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे तुम्ही आर्किटेक्ट म्हणूनच नोंदलेले. २००३ पासून इसोला (इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स) ही व्यावसायिक संघटना आहे, पण परवाना देण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. परिणामी ‘डिझाइन फुकट, झाडांचे तेवढे पैसे द्या’ म्हणणारा नर्सरीवाला आणि तुम्ही क्लायंटच्या नजरेत एकाच रांगेत. फी ठरवताना हा मुद्दा दर वेळी नव्याने समजवावा लागतो. परदेशात चित्र वेगळं आहे: अमेरिकेत चार भागांची एलएआरई परीक्षा आणि राज्याचा परवाना, ब्रिटनमध्ये लँडस्केप इन्स्टिट्यूटची चार्टरशिप, म्हणजे व्यावसायिक मान्यता. अमेरिकेने २०२३ मध्ये हा विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत घातल्यामुळे तिथे शिकणाऱ्याला कामासाठी २४ महिने जास्तीचे मिळू शकतात.

प्रवेशाआधी कॉलेजच्या वाचनालयात जा, गेल्या दोन वर्षांचे प्रबंध काढा आणि शेवटची वीस पानं उलटा. तिथे स्पॉट लेव्हल्स असलेली शीट, मातीचा सेक्शन आणि झाडांच्या मापांसह यादी सापडली, तर फॉर्म भरा. नुसती धुक्यातली रेंडर्स असतील, तर ती घरबसल्याही शिकता येतात.