विंडोज ११ वर जुना लेझरजेट पी२०५५डीएन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि लहान कचेऱ्यांमधून एकच तक्रार ऐकू यायला लागली : कॉम्प्युटर ११ वर गेला आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’ झाला. त्यावरचा सल्लाही ठरलेला, नवा घ्या. एचपीचा लेझरजेट पी२०५५डीएन हा जुना प्रिंटर आठ महिने विंडोज ११ वर रोज चालवल्यावर निदान या मॉडेलपुरता तरी तो सल्ला पटत नाही. मिनिटाला ३३ ए-४ पानं, दोन्ही बाजूंनी आपोआप छपाई, लॅनचं (नेटवर्क केबलचं) पोर्ट आतच, साध्या ०५ए टोनरमध्ये २३०० पानं आणि मोठ्या ०५एक्समध्ये ६५००. वयाच्या मानाने हे कमी नाही.

अपग्रेडनंतर बिघाड होतो तो बहुतेक वेळा पोर्टात, म्हणजे विंडोज ज्या वाटेने प्रिंटरकडे काम पाठवते त्या वाटेत. विंडोज स्वतः प्रिंटर शोधून जोडते तेव्हा अनेकदा ‘डब्ल्यूएसडी’ नावाचं पोर्ट बनवते. हे पोर्ट प्रिंटरला नेटवर्कवर हाका मारून शोधतं. अपग्रेडमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ झालं की ही हाक फायरवॉलमध्ये अडते आणि प्रिंटर समोर चालू असूनही ऑफलाइन दिसतो. हाताने बनवलेल्या टीसीपी/आयपी पोर्टाला ही शोधाशोध लागत नाही. ते सरळ प्रिंटरच्या ९१०० क्रमांकाच्या पोर्टावर काम टाकतं.

म्हणून पहिलं काम प्रिंटरचा पत्ता पक्का करण्याचं. पॅनेलच्या मेनूतून कॉन्फिगरेशनचं पान छापा. त्यावर आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि हार्डवेअर ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा क्रमांक) दोन्ही असतात. राउटरमध्ये जाऊन त्या हार्डवेअर ॲड्रेसला एक आयपी राखून ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. ही पायरी गाळली तर एक दिवस वीज जाते, राउटर नवे पत्ते वाटतो आणि प्रिंटर पुन्हा ‘बिघडतो’. कॉम्प्युटरवरून त्या पत्त्याला पिंग करून, म्हणजे नेटवर्कवरून हाक देऊन, उत्तर येतं का ते बघा. उत्तर आलं नाही तर ड्रायव्हरच्या (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) नादी लागू नका, आधी केबल आणि स्विच तपासा.

मग जुनी नोंद काढून टाका. नुसतं ‘रिमूव्ह’ पुरत नाही. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमधल्या ‘ड्रायव्हर्स’ टॅबमध्ये जुना ड्रायव्हर निवडून ‘रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज’ करा, नाहीतर विंडोज तोच पुन्हा उचलते. ‘वापरात आहे’ म्हणून नकार आला तर प्रिंट स्पूलर ही छपाईची रांग सांभाळणारी सर्व्हिस थांबवून पुन्हा चालू करा आणि लगेच काढा.

आता सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, ‘ॲड डिव्हाइस’. आपोआप दिसणाऱ्या यादीत प्रिंटरचं नाव आलं तरी त्याला हात लावू नका. थोडं थांबलं की खाली ‘ॲड मॅन्युअली’ येतं. त्यात आयपी ॲड्रेसने जोडायचा पर्याय घ्या. डिव्हाइस टाइप ‘ऑटोडिटेक्ट’ असतो, तो बदलून ‘टीसीपी/आयपी डिव्हाइस’ करा, आयपी लिहा आणि खालची ‘क्वेरी द प्रिंटर’वाली टिक काढा. ती टिक राहिली तर ड्रायव्हर विंडोज निवडते, आणि ती निवड दरवेळी आपल्या उपयोगाची असतेच असं नाही.

ड्रायव्हर म्हणून एचपीचा युनिव्हर्सल प्रिंट ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा, त्यातला पीसीएल६ (पीसीएल ही प्रिंटरला पान समजावण्याची एक भाषा). इंटरनेट नसेल आणि अडलं असेल तर विंडोजमध्येच मायक्रोसॉफ्टच्या नावाखाली ‘पीसीएल६ क्लास ड्रायव्हर’ असतो. साधी पत्रं त्यावर निघतात. ड्रायव्हर घालायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, तेव्हा कचेरीत हे काम ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो हजर असतानाच काढा.

जोडल्यावर दोन गोष्टी लगेच बघायच्या. प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ‘डिव्हाइस सेटिंग्ज’ टॅबमध्ये ड्युप्लेक्स युनिट ‘नॉट इन्स्टॉल्ड’ असू शकतं. ते ‘इन्स्टॉल्ड’ केल्याशिवाय पाठपोट छपाईचा पर्याय दिसतच नाही आणि लोक समजतात की ती सोयच गेली. दुसरं, कागद. ड्रायव्हर किंवा फाइल ‘लेटर’ आकारावर असेल तर प्रिंटर पॅनेलवर लेटर कागद मागत थांबून राहतो. ट्रेमध्ये ए-४ भरलेला असतो आणि कोणालाच कळत नाही की अडलंय कुठे. ड्रायव्हर आणि प्रिंटरचा मेनू दोन्हीकडे ए-४ करा.

यानंतरही ‘ऑफलाइन’ दिसलं, तर पोर्टाच्या ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची टिक काढा. विंडोज प्रिंटरची तब्येत एसएनएमपीने विचारते. उत्तर मिळालं नाही की प्रिंटर बंद आहे असं धरून चालते आणि कामं रांगेत अडकवते. टिक काढली की टोनर कमी झाल्याची सूचना स्क्रीनवर येणार नाही, पण ती पॅनेलवर दिसतेच. एवढी एक टिक काढल्यापासून आठ महिन्यांत ऑफलाइनचा शिक्का पुन्हा दिसला नाही.

मराठी छापणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण इंग्रजीत टेस्ट पान झकास निघतं आणि मराठी पत्रात घोळ होतो : रफार एक अक्षर सरकतो, नाहीतर जोडाक्षराच्या जागी चौकोन येतो. ड्रायव्हर फॉण्ट प्रिंटरच्या मेमरीत पाठवतो आणि अक्षरं तिथे जुळवली जातात, तिथे गडबड होते. प्रिंटिंग प्रेफरन्सेसच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘सेंड ट्रूटाइप ॲज बिटमॅप’ चालू करा. मग अक्षरं चित्र म्हणून जातात. काम थोडं जड होतं, पण ‘कार्यालय’ हे ‘कार्यालय’च छापून येतं. पीडीएफ अडत असेल तर ॲक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’खाली ‘प्रिंट ॲज इमेज’ आहे.

एक युक्ती फार उपयोगी पडली. त्याच आयपीवर दुसरी नोंद करायची, युनिव्हर्सल ड्रायव्हरच्याच पोस्टस्क्रिप्ट (पीसीएलसारखीच दुसरी भाषा) आवृत्तीची. एकीचं नाव ‘रोजचा’, दुसरीचं ‘पीएस’. एखाद्या फाइलवर ‘पीसीएल एक्सएल एरर’ लिहिलेलं पान निघालं की तीच फाइल ‘पीएस’वर टाकायची, बहुतेक वेळा निघते. फक्त लक्षात ठेवा, हे या प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट समजतं म्हणून चालतं. ज्याला ते समजत नाही तो ‘टक्का-उद्गारचिन्ह-पीएस’ने सुरू होणारी गिचमिड पानामागून पान ओकत बसतो.

रांग अडकून राहिली आणि ‘डिलीटिंग’वरच थांबली, तर स्पूलर थांबवा, सी ड्राइव्हवरच्या विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या ‘स्पूल’ फोल्डरात ‘प्रिंटर्स’ आहे, त्याच्या आतल्या फाइली पुसा आणि स्पूलर चालू करा. फोल्डर ठेवा, फक्त आतलं पुसा.

विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ आला आहे. सुरक्षेच्या नावाखाली तो चालू करायचा मोह होतो, पण तो चालू झाला की कंपनीच्या ड्रायव्हरवर चालणारे प्रिंटर यादीतून काढले जातात. या प्रिंटरसाठी तो बंदच हवा. ‘लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर’ही बंद करा, नाहीतर एकदा पीडीएफ बनवली की पुढचं पत्रही पीडीएफच होतं.

चार-पाच कॉम्प्युटर असतील तर प्रत्येकाला प्रिंटरच्या आयपीला थेट जोडा. एका कॉम्प्युटरवर जोडून तिथून ‘शेअर’ करण्याची जुनी रीत आता त्रासाची झाली आहे. २०२१ नंतरच्या सुरक्षा अपडेटांमुळे शेअर केलेल्या प्रिंटरवर ज्यांच्या क्रमांकाच्या शेवटी ‘११बी’ किंवा ‘७०९’ असतं असे एरर येतात आणि त्यावर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत) खाडाखोड करून सुरक्षा सैल करण्याचे उपाय सुचवले जातात. लॅनचं पोर्ट असताना त्या वाटेला जाण्याचं कारणच नाही.

एक उणीव राहतेच. एआरएम प्रोसेसरच्या (नेहमीच्या इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीच्या) लॅपटॉपवर इंटेल-एएमडीसाठीचा नेहमीचा एक्स६४ ड्रायव्हर बसत नाही, एआरएमसाठीचा ड्रायव्हर मिळाला नाही तर तिथे मायक्रोसॉफ्टच्या क्लास ड्रायव्हरवर भागवावं लागतं. कचेरीसाठी तसले लॅपटॉप घ्यायचे असतील तर आधी एक आणून त्यावरून दोन पानी मराठी पत्र पाठपोट छापून बघा.