श्रवणयंत्रासोबतचा रिमोट माइक: काही महिने वापरल्यानंतर

माझ्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. शांत खोलीत समोरासमोर बोलताना फारसं अडत नाही. अडतं ते चारचौघांत. यंत्र बोलणंही मोठं करतं आणि खुर्ची सरकल्याचा आवाजही. शिवाय मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या टोकाला कोण काय बोललं ते माझ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून रिमोट माइक घेतला.

बोलणाऱ्याच्या कॉलरला, तोंडाच्या वीतभर खाली तो लावायचा. तिथून आवाज बिनतारी थेट माझ्या यंत्रात येतो.

आमच्या वाचनगटात फरक लगेच कळला. आपण बोलताना वाक्याच्या शेवटी आवाज पाडतो, आणि ‘पटलं’ की ‘पटलं नाही’ हे नेमकं तिथेच ठरतं. आधी मी चेहऱ्यावरून अंदाज बांधायचो. आता शेवट ऐकू येतो, म्हणून मधेच मुद्दा खोडायला मी मोकळा!

खरी मेहनत माइक फिरवण्याची. ‘मला नको, मी मोठ्याने बोलतो’ असं बरेच जण म्हणायचे. पण ओरडल्याने अ, आ, ओ असे स्वर तेवढे मोठे होतात. स, श, फ यांसारखे बारीक आवाज तसेच निसटतात. हे समजावल्यावर आता माइक ज्याच्या हातात तोच बोलतो. त्यामुळे एकावर एक बोलणंही थांबलं, हे मला फार आवडलं.

तक्रारी आहेत. ओढणी किंवा जाड कापड घासलं की कानात खरखर होते. टेबलावर मधोमध ठेवला तर मोठ्या घोळक्यात फारसा उपयोग नाही. माइक चालू असताना यंत्रांची बॅटरी लवकर उतरते. आणि माइक लावलेला माणूस बाजूला जाऊन खासगी बोलू लागला तर तेही मला ऐकू येतं. तेव्हा म्यूटचं बटण कुठे आहे ते प्रत्येकाला आधीच दाखवा.

घेण्यापूर्वी ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) दोन गोष्टी विचारा. माइक तुमच्या यंत्राशी जुळतो का? बरेच माइक त्याच कंपनीच्या यंत्रांशीच जुळतात. आणि यंत्रात टेलिकॉइल, म्हणजे चुंबकीय संकेत पकडणारी छोटी तारेची गुंडाळी, आहे का? असेल तर ज्या सभागृहात इंडक्शन लूप (आवाज चुंबकीय संकेतांतून पाठवणारी तार) बसवलेला असतो तिथे माइकशिवायही थेट ऐकता येतं. चाचणीसाठी मिळाला तर दवाखान्याच्या शांत खोलीत नको, तुमच्या सगळ्यात गोंगाटाच्या बैठकीत वापरून बघा.