नुसतं फिरणं की तोलाचा व्यायाम?

आमचे अण्णा परभणीत रोज पहाटे दोन किलोमीटर चालतात. दम चांगला, साखर आटोक्यात. पण पडले कुठं? घरातच, न्हाणीच्या उंबऱ्याला पाय अडखळून. सपाट रस्त्यावर चालून तोल सावरायची सवय लागत नाही, हे तेव्हा कळलं.

फिजिओथेरपिस्टनं आधी खुर्चीतून उठून 3 मीटर जाऊन परत बसायला लावलं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका; अण्णांना 17 लागले! मग ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, बोटांपुढं टाच टेकवत चालणं. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतर तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान 3 दिवस सांगते.

कंटाळवाणं आहे खरं. “पोरखेळ लावलाय,” म्हणून अण्णा चिडलेही. फिरणं सोडायचं नाही, पण वेळ एकालाच असेल तर मी ओट्याजवळचाच निवडीन.