हळदीचा प्लॉट घ्यावा का पेशंटची ट्रायल?
भाचीला सांगलीतच राहून रिसर्च करायचाय, अडलंय एवढंच की हळदीच्या शेतातला प्रयोग घ्यायचा का पेशंटवरची ट्रायल. मी म्हणलं शेतच बरं. कसबे डिग्रजचं हळद संशोधन केंद्र जवळच आहे, फुले स्वरूपा ही हळदीची जात तिथलीच, आणि गड्ड्याची सही घ्यावी लागत नाही! पण लावली की आठ-नऊ महिने थांबा, आणि मध्येच पाणी तुंबून कंदकुज आली की तो वाफा गेला, म्हणून तर एकच जात चिठ्ठ्या टाकून तीन-चार ठिकाणी लावतात. ही चिठ्ठ्यांची आयडिया मूळची शेतातलीच बरं का, संख्याशास्त्रज्ञ फिशरनी 1920 च्या दशकात इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात बसवली, मग 1948 ला छापून आलेल्या टीबीवरच्या स्ट्रेप्टोमायसिन औषधाच्या ट्रायलमध्ये 107 पेशंट असेच गटांत वाटले होते.

पेशंटचं काम लय किचकट. एथिक्स कमिटी, संमतीपत्र, पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयला, म्हणजे भारतातल्या ट्रायलींच्या सरकारी नोंदवहीत, नोंद. त्यात कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य औषधी द्रव्य, पोटातून रक्तात फार कमी उतरतं, आणि पेशंट घरी गुपचूप हळद-दूध पितोय, मग गुण गोळीचा का दुधाचा? तरी जे उत्तर येतं ते थेट माणसाबद्दलचं, हे मान्य. भाची अजून गप्पच आहे.