क्रॅश बँडिकूट एन. सेन ट्रिलॉजी: पोरांना आधी दुसरा भाग द्या

एका डिस्कवर क्रॅश नावाच्या नायकाचे तीन व्हिडिओ गेम, आणि तिन्ही पहिल्या दिवसापासून उघडे. घरात दहा-बारा वर्षांची पोरं असतील तर पहिला भाग बाजूला ठेवा आणि दुसऱ्यापासून सुरू करा. क्रमानं खेळायचं म्हणून पहिला लावला, की 'रोड टू नोव्हेअर' या लेव्हलच्या तुटक्या पुलावर जीव संपत राहतात आणि पोर रडकुंडीला येतं.

दोष पोराचा नाही. नॉटी डॉग या कंपनीचे मूळ गेम १९९६ ते १९९८मधले. २०१७मध्ये व्हिकॅरियस व्हिजन्स या दुसऱ्या कंपनीनं ते नव्यानं बनवले तेव्हा तिसऱ्या भागातल्या क्रॅशची चाल आधाराला घेऊन तिन्हींना लावली. त्यामुळे पहिल्या भागातल्या उड्यांना जास्त नेमकेपणा लागतो. शिवाय टक्कर मोजण्यासाठी गेम क्रॅशचा जो आकार धरतो तो कॅप्सूलसारखा, खाली गोल आहे. फळीच्या काठावर उतरलं की क्रॅश घसरतो. म्हणून मधोमध उतरा. उडीचं बटण दाबून धरा, नुसतं टिचकावलं तर उडी बुटकी होते. पुलावर स्टिकऐवजी बाणांची बटणं वापरा, चाल सरळ राहते. टीव्हीचा 'गेम मोड' आधी चालू करा. तो बंद असेल तर चित्र किंचित उशिरा दिसतं, आणि या गेममध्ये तेवढा उशीर खड्ड्यात पाडायला पुरतो.

दुसऱ्या भागात एका खोलीत पाच दारं असतात, प्रत्येक दारामागे एक लेव्हल; कुठलंही आधी उघडा. एका लेव्हलला अडलं तर दुसरी खेळता येते. पहिल्या भागात ही सोय नाही. पाच स्फटिक मिळाले की बॉस, म्हणजे मोठा शत्रू. घसरत जाऊन लगेच उडी मारली की ती लांब पडते, हे पोरांना पहिल्याच दिवशी शिकवा. तिसरा भाग सोपा आहे, डिंगोडाइल या बॉसला हरवल्यावर दुहेरी उडीही मिळते. पण मोटारसायकल आणि विमानाच्या लेव्हल्समुळे उड्यांचा सराव कमी होतो. आमच्या मते तिघांत दुसराच सरस.

टीएनटीच्या पेटीवर उडी मारली तर तीन सेकंदांत पळा. नायट्रो म्हणजे स्पर्श होताच फुटणाऱ्या हिरव्या पेटीला हातही लावू नका; उद्गारचिन्हाची हिरवी पेटी वाजवली की लेव्हलमधले सगळे नायट्रो फुटतात. सगळ्या पेट्या फोडून जेम (बक्षिसाचं रत्न) मिळवायचा नाद पहिल्या फेरीत नको.

खानापूर, चंदगडच्या बाजूला पावसात लाईट जाते, त्यांनी हे ध्यानात ठेवावं: लेव्हलमधला चेकपॉइंट (मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा) सेव्ह होत नाही, लेव्हल संपल्यावरच सेव्ह होतं. घरच्या इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर तो लावा. साध्या मोडमध्ये लाईन बदलताना कन्सोल बंद पडू शकतो.

रक्त कुठंच नाही, मार सगळा कार्टूनचा. मराठी किंवा कन्नड मेनू नाही, पण वाचायला फारसं लागत नाही. दोघांना एकाच वेळी खेळता येत नाही, पाळी लावावी लागते. घरातल्या मुलीला क्रॅशची बहीण कोको हवी असेल तर बहुतेक लेव्हल्समध्ये ती घेता येते. पहिल्या भागात मात्र पापू पापू या पहिल्या बॉसला हरवल्यानंतरच.

बेळगावात जुनी पीएस४ (प्लेस्टेशन ४) डिस्क घेणार असाल तर मागचे ओरखडे उजेडात बघा. ती पीएस५वरही चालते, फक्त कन्सोल डिस्क घालायच्या खाचेचा हवा.