पंच फेसचे पाच हजार

पग जातीच्या कुत्र्याचं पिल्लू मोबाईलवर व्हिडिओ बघून घेऊ नका, एवढंच सांगायला लिहितेय. आमचे 20 हजार गेले, आणि त्यातले पाच हजार आम्ही आजारासाठी जादा मोजले.

विकणारा घाटावरचा. साध्या पगचे 15, 'पंच फेस'चे 20. पंच फेस म्हणजे नाक जवळजवळ नाहीच, तोंड सपाट. मुलीला तेच हवं होतं. पैसे सगळे आधीच. कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीने पिल्लू खोक्यातून रत्नागिरीला आलं. खोक्याला भोकं सहा, मी मोजली.

सोबत कार्ड होतं: वय दोन महिने, पहिली लस झालेली. डॉक्टरांनी कार्ड बाजूला ठेवून आधी तोंड उघडलं. दोन महिन्यांच्या पिल्लाला दुधाचे दात सगळे आलेले असतात. याच्या दाढा आता कुठे हिरडीतून डोकावत होत्या. "वहिनी, हे पाच आठवड्यांचं असेल." खऱ्या कार्डावर लसीच्या बाटलीचा स्टिकर चिकटवतात, बॅच नंबरासकट. आमच्या कार्डावर निळ्या पेनाने तारीख आणि एक कोंबडीच्या पायासारखी सही. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला 2017 च्या नियमांनी बंदी आहे, विकणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, हे मला तिथे कळलं. नोंदणी क्रमांक विचारला तर त्याने आधी हात जोडल्याची इमोजी पाठवली, मग मला ब्लॉक केलं.

पिल्लाच्या श्वासाच्या घरघरीचं मी त्याला पहिल्याच रात्री विचारलं होतं. "पग आहे ताई, घोरणारच." डॉक्टरांनी नाकपुड्या दाखवल्या. भोकं कसली, नखाने ओढावी तशा चिरा. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. या सपाट तोंडामुळे याला हवा आत घ्यायलाच वाट नाही, त्यात आपली कोकणातली दमट हवा. एप्रिलमध्ये भर दुपारी मुलगी त्याच्याशी अंगणात चेंडू खेळली, दहाच मिनिटं, आणि याची जीभ निळी पडली. ओला पंचा, टेबलफॅन, तशीच रिक्षा. वाचला.

नाव बाठा ठेवलंय. गळ्यात पट्टा नाही, छातीचा पट्टा. उजाडायच्या आत फिरवून आणायचा, रोज नाकावरची घडी पुसून कोरडी करायची. नाकपुड्या रुंद करायचं ऑपरेशन पुण्याला होईल म्हणतात, त्यासाठी पैसे साठवतोय.

परवा जावेच्या फोनवर तीच जाहिरात दिसली. तोच सोफा, तेच पिल्लू, आमच्या बाठ्याचाच व्हिडिओ. पंच फेस आता 25.