काँगोच्या खळाळातले सिक्लिड आणि वाहता टँक: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

नदीसारखा टँक करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो पंप किती ताकदीचा घ्यायचा हा. हा टँक इतके महिने चालवल्यावर माझं मत ठाम झालंय: पंपाचा विचार नंतर करावा, आधी आडोशांचा करावा. खळाळत्या पाण्यातला मासा धारेत राहत नाही, धारेला लागून राहतो. दगडामागच्या संथ पाण्यात तो बसतो, धारेतून खाणं आलं की झेपावतो आणि परत जागेवर येतो. हा आडोसा नसेल तर मोठ्या पंपाने मासा फक्त दमतो.

माझ्याकडे आहेत स्टिॲटोक्रेनस कॅसुॲरियस, सिक्लिड या मासेकुळातली एक जात. हौशी लोक यांना बफेलो हेड किंवा ब्लॉकहेड म्हणतात, कारण मोठ्या नराच्या कपाळावर चरबीचं ठळक टेंगूळ येतं. मत्स्यशास्त्रज्ञ मॅक्स पोल यांनी १९३९ मध्ये या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं. मासा मूळचा खालच्या काँगो नदीतला. किन्शासाजवळ मालेबो पूल नावाचं रुंद, पसरट पात्र संपलं की नदी अरुंद होते आणि माटाडीपर्यंत खडकांवरून आपटत उतरते. काही ठिकाणी खोली २०० मीटरच्याही पुढे जाते. याच पट्ट्यात लॅम्प्रोलोगस लेथॉप्स नावाचा फिकट, आंधळा सिक्लिडही सापडतो, यावरून ती नदी किती वेगळी आहे याची कल्पना यावी. अशा पाण्यात तरंगत राहणं परवडत नाही. स्टिॲटोक्रेनसचा वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी पोटातली हवेची पिशवी, आक्रसलेला असतो, त्यामुळे तो पोहण्यापेक्षा तळावर टुणटुण उड्या मारत फिरतो. ज्यांनी फक्त मधल्या पाण्यात मिरवणारे सिक्लिड पाळलेत त्यांना सुरुवातीला मासा आजारी वाटू शकतो. तो आजारी नसतो, तसाच असतो.

सिक्लिडबद्दलचे बहुतेक सल्ले मलावी आणि टांगानिका या तळ्यांतल्या माशांसाठी दिलेले असतात, हे डोक्यात पक्कं ठेवा. कोरलचा चुरा घाला, पीएच आठच्या वर न्या, भांडणं विखुरली जावीत म्हणून टँक गच्च भरा, हे सगळं मलावीच्या एंबुनांना, म्हणजे तिथल्या खडकांत राहणाऱ्या सिक्लिडना, लागू पडतं. जोडी बांधून एका कपारीवर हक्क सांगणाऱ्या नदीतल्या माशाला यातलं काहीच लागत नाही. माझं पाणी सातच्या आसपासच्या पीएचचं आणि मध्यम मऊ आहे, तापमान २५ ते २६ अंश, आणि मासे उत्तम आहेत. दगड घेताना मात्र प्रत्येकावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाणी कठीण करत राहील.

टँक १२० बाय ४५ बाय ४५ सेंटीमीटरचा. दगड-वाळू वजा जाता जेमतेम २०० लिटर पाणी राहतं. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण धारेला धावायला जागा हवी. डोंगराळ ओढ्यांतल्या लोच माशांची हौस असलेले लोक वापरतात तीच रचना मी केली. तळावर लांबीच्या दिशेने दोन पीव्हीसी पाइप टाकायचे, एका टोकाला उभ्या पाइपांवर जाड स्पंज आणि दुसऱ्या टोकाला पॉवरहेड, म्हणजे पाण्यात बुडवून चालवायचा धार सोडणारा पंप. पॉवरहेड पाणी सोडतो, ते टँकभर एकाच दिशेने वाहत जातं, पलीकडे स्पंजातून खाली शिरतं आणि वाळूखालच्या पाइपांतून पुन्हा पॉवरहेडकडे येतं. नुसता एक पंप काचेवर चिकटवला तर पाणी समोरच्या काचेवर आपटून उलट फिरतं आणि मधे नुसता गोंधळ होतो. एका दिशेचा ओघ मिळाला की मासे त्याच्याकडे तोंड करून रांगेने बसतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रचनेचे सगळे कष्ट वसूल झाले.

पॉवरहेड दोन आहेत, प्रत्येकी ताशी २००० लिटरचे. कागदावर ताशी वीस पट पाणी फिरतं. स्पंज आणि पाइपांची वळणं यांमुळे प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी, आणि तेवढं भरपूर आहे. गाळणीसाठी वेगळा कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, आहे. पाइपांच्या रचनेवर ते ओझं टाकू नका.

आता दगड, कारण या टँकचा जीव दगडांत आहे. मोठे गोटे मी वाळूच्या आधी ठेवले, थेट तळाच्या काचेवर, खाली फोमचा पातळ थर देऊन. हे मासे सतत उकरतात. दगड वाळूवर टेकलेला असेल तर खालची वाळू काढून ते तो स्वतःवरच पाडून घेतील. सगळे गोटे एकाच प्रकारचे, पण आकार मुठीपासून नारळापर्यंत. चपटे गोटे नदीत जसे एकमेकांवर रेलून, वरची कड प्रवाहाच्या पुढच्या दिशेला झुकलेली अशी पडतात, तसेच लावले. दिसायला सुंदर दिसतंच, पण प्रत्येक रेललेल्या गोट्याखाली एक खोबण तयार होते, आणि या माशांना खोबणीच हव्या असतात. सर्वांत मोठा दगड मधोमध नको, धारेच्या तोंडापासून एक तृतीयांश अंतरावर हवा. त्याच्यामागे जो डोह तयार होतो तोच टँकमधला सर्वांत मोलाचा कोपरा.

वाळू मी सपाट पसरली होती. काही आठवड्यांत पाण्याने तिची स्वतःच वाटणी केली. पंपाच्या तोंडासमोर फक्त खडे उरले, मोठ्या दगडामागे बारीक वाळूची निमुळती शेपटी साचली आणि हलका गाळ थेट स्पंजाच्या बाजूला गेला. ही मांडणी मी अजिबात हलवत नाही. कुठे धार लागते आणि कुठे संथ आहे हे वाळूच दाखवते, आणि मासेही त्याच हिशोबाने जागा निवडतात. पाइपांच्या वर मात्र चपटे दगड दाबून ठेवा, नाहीतर उकरून उकरून पाइप उघडे पडतात.

झाडांबद्दल थोडक्यात. बोल्बायटिस ह्यूडेलोटी ही आफ्रिकेतल्या वाहत्या पाण्यातलीच नेचेवर्गीय वनस्पती, आणि ॲन्युबियस. दोन्ही दगड-लाकडाला दोऱ्याने बांधायच्या, खोड वाळूत पुरायचं नाही. बोल्बायटिसची धारेतली पानं तजेलदार झाली, आडोशातल्या पानांवर गाळ बसत राहिला.

मासे आणायची घाई मी केली नाही. नव्या टँकमध्ये साचणारे, माशांना घातक असे अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यानंतरही दगडांवरचा तपकिरी थर जाऊन हिरवं शेवाळ धरेपर्यंत थांबलो. हे मासे दिवसभर दगड खरवडत असतात, त्यांना कोरा दगड देण्यात अर्थ नाही. सहा लहान मासे एकत्र आणले आणि त्यांनाच जोडी निवडू दिली. जोडी ठरल्यावर उरलेल्यांची सोय दुसऱ्या टँकमध्ये करावी लागते, ती तयारी आधीच ठेवा. जोडीने खोबण निवडली ती अगदी धारेच्या कडेची, आत संथ आणि तोंडाशी पाणी खेळतं. आठवडाभर दोघांनी तोंडाने वाळू बाहेर काढली. अंडी आतल्या बाजूला दिली, मादी त्यांच्यापाशी आणि नर दारात. पिलं बाहेर आल्यावर नर खाण्याची गोळी तोंडात घेऊन चघळतो आणि चुरा पिलांमध्ये सोडतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय आणि दर वेळी तितकाच हरखून जातो. पिलं तळाला धरून राहतात, धार त्यांना उचलून नेत नाही. तरीही पाणी ओढणाऱ्या टोकाला बारीक छिद्रांचा स्पंज हवाच.

आता त्रासाचं. पंप चोवीस तास चालतात, त्यांची घरघर झोपायच्या खोलीत नको वाटेल. ते पाणीही तापवतात. २५ अंशाला पाण्यात प्राणवायू लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळू शकतो, ३० अंशाला साडेसातवर येतो, आणि खळाळातल्या माशाला हा फरक जाणवतो. उकाड्यात मी पॉवरहेडचं तोंड किंचित वर वळवतो, म्हणजे पृष्ठभाग ढवळला जातो, आणि वर छोटा पंखा लावतो. वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप या टँकला चैन म्हणून नाही, गरज म्हणून हवा. तरंगणारं खाणं इथे वाया जातं, क्षणात स्पंजाला चिकटतं. बुडणाऱ्या, स्पिरुलिनायुक्त गोळ्या धारेच्या वरच्या टोकाला टाका, त्या दगडांमध्ये जाऊन अडकतात आणि मासे शोधून खातात. स्पंज तुंबला की ओघ हळूहळू मंदावतो आणि रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. म्हणून मी दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलताना काढलेल्या पाण्यातच स्पंज पिळून घेतो.

सोबतीला काँगो टेट्रा माशांचा थवा आहे. तो वरच्या संथ अर्ध्या भागात राहतो आणि जोडीला त्रास देत नाही. मलावीचे मासे यांच्यात मिसळू नका. तीन फुटी टँक असेल तरी हा सेटअप जमेल, पण मग एकच जोडी, एकच पॉवरहेड आणि टेट्रांचा मोह टाळायचा.